घरशाळेचं वेळापत्रक मागणाऱ्या ताईंना

प्रश्न थोडक्यात असा. घरात चार मुलं, वय पाच ते बारा. सासू-सासरे, दीर-जाऊ सगळे एकत्र. यंदा चौघांनाही शाळेतून काढून घरी शिकवायचं जवळजवळ ठरलंय. ताई लिहितात, “तुमच्याकडे सहा मुलं घरीच शिकतात असं कळलं. सोमवार ते रविवार तुमचा आठवडा कसा जातो ते तासवार लिहून द्या, म्हणजे आम्हीही तसंच बसवू.”

ताई, तासवार कागद देऊन उपयोग नाही. आमच्या घरातला तास तुमच्या घरात बसायचा नाही. एकत्र घरात वेळ भरपूर असतो, कमी पडतं ते मोठ्या माणसाचं लक्ष. आमच्याकडे सकाळी सहा पोरांमागे धड मोकळं असं एक-दीड माणूस असतं. त्यामुळे गणिताला किती तास आणि इंग्रजीला किती, हे मी बघतच नाही. कुठल्या पोराला कुणाचं लक्ष कधी मिळणार, एवढंच आठवड्याच्या सुरुवातीला ठरवते. आमचा आठवडा सांगते, पण तो या नजरेनं वाचा.

आधी माणसं. थोरली पंधरा वर्षांची, मधला बारा, बारक्या सहा, ही तीन माझी. जावेच्या जुळ्या नऊ वर्षांच्या आणि शेंडेफळ तीन वर्षांचं. नवरा आणि दीर मिळून इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशिन शॉप चालवतात. जाऊ सकाळी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला जाते, दीडच्या सुमारास परत येते. सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण तोंड खणखणीत चालतं, आणि घरशाळेत त्याचा फार उपयोग होतो.

आप्पांचं आधी सांगते, कारण तुमच्या सासऱ्यांचा विरोध आहे असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही होता, आणि चांगला जोरात होता. “ज्या गावात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, त्या गावात माझी नातवंडं शाळेविना वाढणार?” यावर माझ्याजवळ पाठ केलेलं उत्तर नव्हतं, आणि आजही त्यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. पोर गुरांमागं आणि शेतात जाऊन अडाणी राहू नये म्हणून तो दंड होता. मी एवढंच म्हटलं, की मग तपासायचं काम तुम्हीच घ्या. पोरं अडाणी राहतायत असं वाटलं त्या दिवशी सांगा, दुसऱ्या दिवशी शाळेत घालू. त्यांनी ते शब्दशः घेतलं. तुमच्या सासऱ्यांना पटवत बसू नका, त्यांना खरंखुरं काम द्या.

आता सोमवार. आमचा सोमवार बहुतेकांच्या सोमवारासारखा नसतो, कारण मशिन शॉपला सोमवारी सुट्टी. म्हणजे दोन्ही बाप घरात. आठवड्यातलं सगळ्यात महाग लक्ष त्या दिवशी मिळतं, म्हणून गणिताचं अवघड काम सोमवारी. मशिनं बंद असतात, त्यामुळे मधल्याला आणि जुळ्यांना वर्कशॉपमध्ये नेता येतं. चालू लेथजवळ मी कुठल्याच पोराला उभं करणार नाही. मधला व्हर्निअर कॅलिपरवर मापं घेतो. ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचायचं, तीन वेळा घ्यायचं, तिन्ही वेगळी आली तर का आली ते सांगायचं. दशांश अपूर्णांक वहीत रडतखडत चालले होते, ते तिथं हातात बसले.

शेकडेवारीही तिथलीच. बिडाचा ओतीव भाग थंड होताना साधारण एक टक्का आकसतो, म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, मुद्दाम मोठा करतात. भाग ३०० मिलिमीटरचा हवा असेल तर पॅटर्न ३०३ चा, आणि मशिनिंगमध्ये जेवढं खरवडून जाणार तेवढं आणखी वर. दिरानं हे जुळ्यांना सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, की ३०३ चा एक टक्का कमी केला तर ३०० येत नाही, थोडं कमीच येतं. दीर दोन मिनिटं गप्प. मग तिघांनी बसून भागाकार केला. असा प्रश्न तीस-चाळीस पोरांच्या वर्गात विचारला गेला असता की नाही मला माहीत नाही, कदाचित गेलाही असता. पण भागाकार करायला कुणी थांबलं असतं का, याची शंका आहे.

सोमवारी दुपारनंतर बापलोक झोपतात. त्यांना झोपू देते.

मंगळवार ते शुक्रवार सकाळ एका ठरलेल्या मापाची आहे. साडेआठपर्यंत दूध, नाश्ता, अंघोळी, अंथरुणं, केर. भांडी घासायला थोरली आणि मधला आळीपाळीनं. हे लिहायला एक ओळ लागते, बसवायला वर्ष जातं. साडेआठ ते अकरा बैठक. या अडीच तासांत प्रत्येक पोराला माझा किंवा आप्पांचा वीस-पंचवीस मिनिटांचा एकट्याचा वेळ मिळतो, त्यात दुसऱ्या कुणी तोंड घालायचं नाही. त्या वेळात फक्त दोन गोष्टी, गणित आणि वाचन-लेखन. या दोन गोष्टी ज्याच्या त्याच्या पायरीनंच शिकाव्या लागतात. उरलेलं सगळं, म्हणजे इतिहास, भूगोल, विज्ञान, गाणी, चित्रं, आम्ही एकत्रच करतो. सहा इयत्ता लावायला गेलात तर तुम्ही पंधरा दिवसांत आजारी पडाल. गट दोनच ठेवा, मोठी आणि बारकी. एकाच धड्यावर मोठी पानभर लिहितात, बारकी चित्र काढून खाली एक ओळ लिहितात.

वीस मिनिटं ऐकून तुम्हाला कमी वाटेल. समोरासमोर बसून वीस मिनिटं पोराकडून गणित करून घ्या, मग सांगा कोण आधी दमतं.

बाकीची पोरं तेवढ्या वेळात काय करतात, हा खरा प्रश्न. थोरलीचं स्वतःचं चालू असतं. मधल्याला कामांची यादी दिलेली असते. जुळ्या एकमेकींना पाढे विचारतात आणि भांडतात. बारक्या सासूबाईंजवळ बसून मोठ्यानं वाचतो. त्या डोळे मिटून भाजी निवडत असतात, चुकला की बरोबर ओळखतात, “परत वाच” म्हणतात. बारक्याचं वाचन सुधारण्यात माझा वाटा थोडा, त्यांच्या गवारीचा जास्त.

आणि शेंडेफळ. मोठ्या घरशाळेचं गाडं कुठं अडत असेल तर तीन वर्षांच्या पोरापाशी अडतं, अभ्यासक्रमापाशी कधीच नाही. ते पेन्सिली खातं, वह्यांवर बसतं, सगळ्यांना आपल्याकडेच बघायला लावतं. आमच्याकडे त्याची पाळी लावलेली आहे. बैठकीच्या वेळात प्रत्येक मोठं पोर अर्धा तास त्याच्याजवळ, गच्चीवर किंवा अंगणात. ही पाळी अभ्यासात धरली जाते, त्या अर्ध्या तासाचं काम नंतर भरून मागत नाही. तुमच्याकडे पाच वर्षांचं आहे म्हणजे तुम्ही सुटलात थोडक्यात.

इथं एक जपून सांगते, कारण थोरलीवर हे सगळं हळूहळू सरकतं. मोठ्या पोरानं धाकट्याला शिकवणं फार छान दिसतं, पाहुणे कौतुक करतात. पण पंधरा वर्षांची मुलगी रोज दोन तास भावंडांना शिकवायला लागली तर ती तुमची बिनपगारी शिक्षिका झाली. आमच्याकडे मर्यादा आहे: दिवसाला अर्धा तास शेंडेफळ, आठवड्यातून एकदा बारक्याला गोष्ट वाचून दाखवणं, बास. मुलगा थोरला असता तर त्याच्याकडून किती करून घेतलं असतं, हे स्वतःला विचारायचं आणि तेवढंच मुलीकडून घ्यायचं.

मंगळवारचं खास काही नाही. दुपारी जाऊ आल्यावर विज्ञान. तिच्याकडे एक जुनी दुर्बीण... सूक्ष्मदर्शक म्हणायचंय मला, पोरं दोन्हीला दुर्बीणच म्हणतात. कांद्याचा पापुद्रा, रंकाळा तलावाच्या पाण्याचा थेंब, केंदाळाच्या मुळाचा तुकडा. तिचं शिकवणं माझ्यापेक्षा चांगलं आहे, कारण तिला येत नाही ते ती येत नाही म्हणते आणि मग शोधते.

बुधवार बाहेरचा. आमच्या घरशाळेत वेगळं म्हणावं असं जे काही आहे ते बहुतेक बुधवारी घडतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

पावसाळ्यात बाहेर जायचं म्हणजे पंचगंगा. राजाराम बंधाऱ्याची पातळी कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या तोंडी असते, फूट आणि इंचात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. मधला आणि जुळ्या जूनपासून रोजची पातळी आलेखाच्या कागदावर मांडतात. शेजारी राधानगरीची नोंद: धरण किती भरलं, सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडले. पहिल्या वर्षी नुसती रेघ वरखाली होते. दुसऱ्या वर्षी पोरांना दिसायला लागतं, की दरवाजे उघडल्यावर बंधाऱ्यावर पातळी लगेच चढत नाही, मध्ये काही तास जातात, आणि त्या तासांत खाली पाऊस पडतोय की नाही यावर पुढचं ठरतं. मग कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती कुठून येतात आणि प्रयाग चिखलीला कुठं मिळतात ते नकाशावर शोधावंच लागतं, मी सांगायची वाट कोण बघतं. २०१९ आणि २०२१ साली पातळी ५५ फुटांच्याही वर गेली होती. ती दोन टोकं आमच्या कागदाच्या बाहेर जातात, म्हणून वर जादा कागद चिकटवलाय. तो जोडलेला कागद बघून बारक्याला पूर म्हणजे काय ते बरोबर समजलं. इंच आणि फूट आल्यामुळं बारानं भागणं आलं, ऋण संख्या आल्या, सरासरी आली. धडा मी एकही घेतला नाही.

पाऊस सरला की टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेल्या वस्तू तिथं आहेत, त्यात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. समुद्रापासून घाट चढून इतक्या आत, आपल्या नदीकाठी, ती कशी आली? या एका प्रश्नावर मोठ्या पोरांचे दोन-तीन आठवडे सहज जातात: बंदरं, घाटवाटा, व्यापार, सातवाहन. एका भेटीत सगळं संग्रहालय बघायचं नाही. एक वस्तू, तिचं चित्र, तिच्याबद्दल तीन प्रश्न, आणि घरी. पोरांना कंटाळा यायच्या आत बाहेर पडणं हेही एक कसब आहे.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतात. ओळखीच्या गुऱ्हाळावर जा, फक्त गुळव्याला आधी विचारून जा, त्याचं काम थांबवू नका. टनभर उसातून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो. मग बाकीचं वजन गेलं कुठं? चिपाडात किती, वाफेत किती? रसात भेंडीचा चिकट रस कशाला घालतात? मळी वर का येते? काहिलीपासून, म्हणजे रस उकळतो त्या मोठ्या कढईपासून, लांब उभं राहायचं, हा नियम मी दोनदा सांगते, तिसऱ्यांदा सांगावा लागला तर घरी परत. येताना खिशात गरम गूळ आणि वहीत चिकटलेली पानं.

बुधवारी संध्याकाळी कुणी काही लिहीत नाही. लिहिणं शुक्रवारी.

गुरुवार पडतो. का पडतो माहीत नाही, पण मोठ्या घरशाळा चालवणाऱ्या ज्या ज्या बायकांशी बोलले त्यांचा एक दिवस असाच पडतो, कुणाचा गुरुवार, कुणाचा मंगळवार. कुणी रडतं, कुणी वही फाडतं, जुळ्या एकमेकींशी बोलत नाहीत, आणि मला वाटतं की उद्याच सगळ्यांना शाळेत घालावं. हा दिवस मी आता हलकाच ठेवते. एकट्याचा वेळ तेवढा होतो, तो कुठल्याही दिवशी चुकवत नाही. त्यानंतर मोठ्यानं वाचन. सगळी पोरं एका चटईवर, मी किंवा थोरली वाचते, हात मोकळे असतात त्यांना काम: शेंगा फोडणं, बटण लावणं, चित्र. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, आमचं घर तिथल्या पुस्तकांवर चालतं. दुपारी दोन तास पोरांनी काय करावं हे मी विचारत नाही. मोबाइल मात्र नाही. मोबाइल दिला की गुरुवार शांत जातो आणि शुक्रवार बिघडतो.

शुक्रवारी आप्पा डिपोटी होतात. पूर्वी शाळा तपासायला साहेब यायचे त्यांना हेच म्हणायचे. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसतात, पोरं वह्या घेऊन एकेक करून जातात. बुधवारी पाहिलेल्यावर आज लिहायचं, आप्पा लाल पेनानं तपासतात. ऱ्हस्व-दीर्घावर त्यांचं बारीक लक्ष. मग तोंडी गणित. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीडचे पाढे, त्यांनी पोरांकडून पाठ करून घेतले. मला आधी हे जुनाट वाटायचं. पण “सात दिडकी?” म्हटलं की नऊ वर्षांची पोर “साडेदहा” म्हणते, आणि बाजारात दीडशे ग्रॅमचा भाव तोंडी काढते, त्यामुळे आता मी काही बोलत नाही. तपासणीनंतर आप्पा एका रजिस्टरमध्ये प्रत्येक पोरापुढे दोन ओळी लिहितात: काय आलं, काय राहिलं. घरशाळेचा सगळा कागदोपत्री पुरावा म्हणजे ही रजिस्टरं आणि वह्या, त्या जपून ठेवा. का ते पुढे येतंय.

थोरली शुक्रवारी घड्याळ लावून मागच्या वर्षांचे पेपर सोडवते. ती एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानातून, दहावी करतेय. तिथं दहावीसाठी चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात, किमान पाच विषय घ्यायचे, पासाला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं चालते. तिनं दोन विषय आधी दिले, बाकीचे आता. ज्या पोराला एका वेळी दोन गोष्टींत खोल जायला आवडतं त्याला हे फार बरं. मात्र विषयागणिक स्वाध्याय वेळेत पाठवावे लागतात, विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिक परीक्षाही असते. मुक्त आहे म्हणून सैल आहे असं समजू नका.

दुसरा रस्ता राज्य मंडळाचा, खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म. त्याला आधीच्या शाळेचा दाखला विचारतात, तुमची मुलं शाळेत गेलेली असल्यानं तुम्हाला तो सोपा पडेल. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, तिथं पाचवी आणि आठवीच्या पातळीवरही परीक्षा देता येते. अटी आणि तारखांचं परिपत्रक दरवर्षी निघतं, ते त्या वर्षीचंच वाचा. कुणी तोंडी सांगितलेलं धरू नका, माझंही नाही.

शनिवारी सकाळी बाजार आणि हिशोब. जुळ्यांना तीनशे रुपये आणि यादी देऊन मंडईत पाठवते, मी मागे पंधरा पावलांवर. परत आल्यावर जमा-खर्च लिहायचा, पैसे जुळले नाहीत तर का नाहीत ते शोधायचं. भाजीवाल्या मावशी त्यांना आता नावानं ओळखतात, आणि भाव करताना आधी त्यांचाच हिशोब विचारतात. मधला त्या दिवशी स्वयंपाकघरात असतो. भाकरी अजून गोल होत नाही, पण फुगते. तुमच्या घरात मुलगे असतील तर हे पहिल्या महिन्यातच सुरू करा, मोठे झाल्यावर ते ऐकत नाहीत.

रविवार बंद. मटण, पांढरा-तांबडा रस्सा, झोप. फक्त संध्याकाळी मी आणि जाऊ गच्चीवर वीस मिनिटं बसतो. पुढच्या आठवड्यात कुणाला जास्त लक्ष लागणार आहे, एवढाच विषय. एखाद्या आठवड्यात बारक्या अडलेला असतो, एखाद्यात थोरली गप्प झालेली असते. त्या पोराला पुढचा आठवडा थोडा जास्त द्यायचा आणि दुसऱ्या कुणाचा थोडा कमी करायचा, हे आधीच ठरवायचं. सहाही जणांना सारखं द्यायला गेलं की कुणालाच पुरत नाही.

“पोरं कुणात मिसळणार?” हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या नणंदा विचारतील. कोल्हापुरात याला उत्तर सोपं आहे. संध्याकाळी पाच वाजता पेठेतल्या मैदानावर जा. फुटबॉल खेळणारं पोर कुठल्या शाळेत जातं हे इथं कुणी विचारत नाही, पास देतं की नाही एवढं बघतात. मधला रोज जातो, एक जुळी जाते. दुसरी तबल्याला.

आता कायद्याचं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. त्यात घरी शिकवायला स्पष्ट परवानगी नाही. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. म्हणजे आपण अशा जागी उभे आहोत जिथं कुणी पाठीवर हात ठेवत नाही आणि कुणी मारतही नाही. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं की शिक्षक तुमच्या दारात येतील. ते बिचारे त्यांचं काम करतायत. त्यांच्याशी वाद घालू नका, चहा करा, रजिस्टर दाखवा, मुलाला दोन प्रश्न विचारायला सांगा. आप्पांच्या लाल पेनाचा उपयोग इथं होतो. आणि कलम ४ लक्षात ठेवा: मधूनच शाळेत जायचं झालं तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा. जुळ्यांपैकी तबलावालीला येत्या जूनपासून शाळेत जायचंय. तिला मैत्रिणींबरोबर डबा खायचाय. जाऊबाईंना वाईट वाटलं, मला नाही. जाऊ दे.

खर्च फार नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात, बारक्यांना मात्र छापीलच घ्या. एक लॅपटॉप सगळ्यांत मिळून. सगळ्यात मोठा खर्च कुणी लिहीत नाही: एका बाईची नोकरी. आमच्या घरात ती माझी होती. मला त्याचा पश्चात्ताप नाही, पण तो हिशोब घरात सगळ्यांसमोर मांडला गेला होता, आणि दर महिन्याला माझ्या खात्यावर ठरलेली रक्कम येते. हे बोलायला अवघड वाटतं, तरी आधीच बोलून घ्या. तुमच्या पत्रात मुलांबद्दल सगळं आहे, सासऱ्यांबद्दल आहे, तुमच्या नवऱ्याबद्दल आणि दिराबद्दल एक ओळही नाही. ते दोघं आठवड्यात कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, कुठलं पोर घेणार? हे कागदावर येत नाही तोवर पोरांना शाळेतून काढू नका. सगळं एका सुनेच्या अंगावर पडणार असेल तर शाळा बरी, अगदी मध्यम प्रतीची शाळासुद्धा बरी.

काढायचंच ठरलं तर चौघांना एकदम काढू नका. जे पोर शाळेत खरंच कोमेजतंय त्याच्यापासून सुरुवात करा, आणि जे मजेत जातंय त्याला जाऊ द्या. एकाच घरात दोन्ही चालतं. बारा वर्षांच्याला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल काही ठरवू नका. वर्षाच्या मध्ये काढू नका, निकाल हातात येऊ द्या. पहिला महिना-दीड महिना अभ्यास असा लावूच नका. वाचन, भाजी, मैदान, झोप. पोरांना शाळेच्या घंटेतून बाहेर यायला तेवढे दिवस लागतात, आणि तुम्हाला कोण कसं शिकतं हे नुसतं बघायला.

दाखला आणि शेवटच्या इयत्तेचं गुणपत्रक मूळ प्रतीत घ्या, दोन-दोन झेरॉक्स करून वेगळ्या जागी ठेवा. दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून मुलाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी आणि आधारशी जुळते का ते अक्षरन्‌अक्षर बघा. चूक असेल तर शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. दहावीचा फॉर्म भरताना ती निघाली की फार हेलपाटे होतात.